निवासी डॉक्टरांचे तास आणि पदव्युत्तर जागेची निवड : एक आढावा

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी जागा निवडताना विषय, संस्थेचा लौकिक, रुग्णसंख्या, विद्यावेतन आणि घरापासूनचे अंतर यांचा विचार विद्यार्थी पूर्वापार करीत आले आहेत. परंतु गेल्या चार दशकांत या यादीत कामाच्या तासांचा प्रश्न असा ठाण मांडून बसला आहे की, नीट-पीजीच्या निकालानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणारा महाराष्ट्रातील उमेदवार काय, किंवा अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी रुग्णालयांची क्रमवारी लावणारा भारतीय पदवीधर काय, दोघेही आपल्या ओळखीच्या सीनियरला फोन लावून प्रथम हीच पृच्छा करतात. ही पृच्छा आळसातून उद्भवते असे समजणे अन्यायाचे होईल, कारण ज्या तीन वर्षांत माणसाला आपली विद्या हस्तगत करावयाची असते त्याच तीन वर्षांत त्याचे आरोग्य, त्याचे घर आणि त्याच्या हाती सोपविलेल्या रुग्णांचे प्राण या सर्वांचा हिशेब त्या तासांशी बांधलेला असतो. या वादाची पार्श्वभूमी, त्यातील पक्ष, आजवर जमलेला पुरावा आणि निवड करणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागते, हे क्रमाने मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथेचा उगम

रुग्णालयातच मुक्काम ठेवून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम करीत तज्ज्ञ होण्याची जी पद्धती आज जगभर रूढ आहे, तिचे अर्वाचीन रूप बाल्टिमोर येथे १८८९ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घडले. तेथे विल्यम ऑस्लर यांनी वैद्यकविभागात आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यविभागात शिष्यांना रुग्णशय्येशेजारी वाढविले. शिष्याने रुग्णालयाबाहेर आयुष्य ठेवू नये, अशी त्यामागची धारणा होती. हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आणि पुढे मॉर्फीनच्या व्यसनात अडकले होते, आणि त्या पद्धतीचे टीकाकार या गोष्टीकडे वारंवार बोट दाखवितात. परंतु संस्थापकाच्या व्याधीवरून पद्धतीचा निकाल लावता येत नाही. ती टिकली ती तिने खरोखरच उत्तम शल्यविशारद घडविले म्हणून, हे मान्य करावयास हवे.

आपल्याकडे, विशेषतः मुंबईच्या रुग्णालयांत, इंग्लंडच्या धर्तीवर हाऊसमन आणि रजिस्ट्रार ही उतरंड आली. आज तीच ज्युनियर रेसिडेंट अर्थात जे.आर.-१, जे.आर.-२, जे.आर.-३ या नावांनी ओळखली जाते. या दीर्घ काळात एक बदल मात्र झाला, ज्याची दखल जुन्या पिढीच्या आठवणींत क्वचित घेतली जाते. पूर्वी रुग्ण आठवडेच्या आठवडे वॉर्डात राहत, उपचारांची साधने मोजकी होती, आणि रात्रीच्या कॉलवरही काही तास पाठ टेकता येई. आज रुग्ण लवकर घरी जातो, त्याच्या जागी तत्काळ दुसरा येतो, आणि अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटरवरचा रुग्ण रात्रभर लक्ष मागतो. म्हणजे सलग छत्तीस तासांच्या ड्यूटीचा तोच पल्ला आज कितीतरी अधिक कामाने भरलेला असतो.

नियमनाचा इतिहास

तासांना मर्यादा असावी हा विचार सार्वजनिक झाला तो एका मृत्यूमुळे. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची तरुणी ज्वर आणि अस्वस्थतेच्या तक्रारीने न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. ती नैराश्यावर फेनेल्झिन घेत होती, आणि त्यासोबत धोकादायक ठरणारे पेथिडीन तिला देण्यात आले होते. तिचे वडील सिडनी झायन हे पत्रकार असल्यामुळे प्रकरण दडपले गेले नाही. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवण्याचे नाकारले, परंतु थकलेल्या, अननुभवी डॉक्टरांवर अपुऱ्या देखरेखीत रात्र सोपविणाऱ्या व्यवस्थेवर ताशेरे ओढले. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास व सलग २४ तास ही मर्यादा लागू झाली. या प्रकरणातून जगाने तासांचा आकडा तेवढा उचलला. वरिष्ठांच्या देखरेखीचा जो तितकाच गंभीर मुद्दा होता तो मागे पडला, आणि त्याची किंमत पुढच्या सर्व चर्चेने मोजली आहे असे मला वाटते.

अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणाला मान्यता देणाऱ्या ए.सी.जी.एम.ई. या संस्थेने २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर लागू केली, २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या, म्हणजे तेथे इंटर्न म्हणविल्या जाणाऱ्या, डॉक्टरांसाठी सलग कामाची सीमा १६ तासांवर आणली, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा २४ तासांवर नेऊन रुग्णांची सुपूर्तता व शिक्षण यांसाठी आणखी चार तासांची मुभा दिली. युरोपने याहून कडक मार्ग पत्करला. १९९३ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या निर्देशातून प्रारंभी वगळलेले शिकाऊ डॉक्टर २००० साली त्याच्या कक्षेत आणले गेले, आणि टप्प्याटप्प्याने २००९ पर्यंत मर्यादा ४८ तासांवर आली. युरोपीय न्यायालयाने तर २००० आणि २००३ मधील निकालांत असेही ठरविले की, रुग्णालयात हजर राहून केलेली ऑन-कॉल ड्यूटी, डॉक्टर त्या वेळी झोपलेला असला तरी, कामाचीच वेळ होय.

भारतात कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांचे संरक्षण दिले. विद्यार्थी आणि नोकर यांच्या मधल्या अवस्थेत असलेला, वेतन नव्हे तर विद्यावेतन घेणारा निवासी डॉक्टर मात्र त्या कायद्याच्या छत्राबाहेर राहिला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांच्या योजनेसंबंधी निर्देश काढून सलग काम सामान्यतः १२ तासांपलीकडे आणि आठवड्याचे काम ४८ तासांपलीकडे जाऊ नये असे म्हटले, तथापि कामाच्या निकडीची सवलत त्यातच ठेवली, आणि अंमलबजावणी त्या सवलतीतून वाहून गेली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही. कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीस वाजवी अवधी मिळावा एवढीच तरतूद आहे. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील निवासी डॉक्टरच्या हत्येसंबंधीच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या सलग ड्यूट्या अमानुष असल्याचे उद्गार काढले. परंतु शिफारस आणि उद्गार यांना नियमाचे बळ नसते.

पक्ष आणि पुरावा

या वादात तीन भूमिका स्पष्ट दिसतात. पहिली म्हणते की निद्रानाश हा शरीरशास्त्राचा विषय आहे, मनोनिग्रहाचा नव्हे. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखविले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील अतिदक्षता विभागांत लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घ पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकावरील इंटर्नांकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक झाल्या. पुढल्याच वर्षी बार्जर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की दीर्घ पाळीनंतर घरी गाडी चालविणाऱ्या इंटर्नला अपघात होण्याचा संभव दुपटीहून अधिक असतो.

दुसरी भूमिका सातत्याची. रोगाचा ओघ पाहिल्याशिवाय वैद्य घडत नाही; संध्याकाळी दाखल केलेल्या रुग्णाची पहाटेची अवस्था ज्याने पाहिली नाही त्याला त्या रोगाचे अर्धेच ज्ञान झाले; आणि पाळी बदलताना दर खेपेस माहिती गळते, ती गळतीही रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. या भूमिकेलाही पुराव्याचे पाठबळ आहे. ११७ शल्यशिक्षण केंद्रांवर झालेल्या ‘फर्स्ट’ चाचणीत (२०१६) लवचीक आणि कडक वेळापत्रकांतील मृत्यू व गंभीर गुंतागुंती यांचे प्रमाण जवळजवळ समान, ९.१ आणि ९.० टक्के, निघाले. वैद्यकविभागातील ६३ केंद्रांवरील ‘आयकम्पेअर’ चाचणीतही ३० दिवसांतील मृत्युदरात लवचीक वेळापत्रक मागे पडले नाही. मात्र त्याच चाचणीत लवचीक केंद्रांचे संचालक अधिक समाधानी आणि तेथील इंटर्न कमी समाधानी आढळले, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

तिसरी भूमिका मला अधिक विचारार्ह वाटते, कारण ती पहिल्या दोहोंचे पुरावे खोटे न ठरविता त्यांचा मेळ घालते. तिचे म्हणणे असे की तास हे चुकीचे माप नसले तरी अपुरे माप आहे. २०११ च्या सुधारणेनंतर सेन आणि सहकाऱ्यांनी पाहिले की इंटर्नांचे तास आठवड्याला सरासरी ६७ वरून ६४.३ वर आले, झोप मात्र लक्षणीय वाढली नाही, आणि स्वतःहून कबूल केलेल्या गंभीर चुका १९.९ टक्क्यांवरून २३.३ टक्क्यांवर गेल्या. तास कमी करताना काम तेवढेच ठेवले, हा त्यावरचा सर्वांत संभाव्य खुलासा. सहा बाल-अतिदक्षता विभागांतील ‘रोस्टर्स’ चाचणीने (२०२०) हा खुलासा अधिक ठसठशीत केला. तेथे छोट्या पाळ्यांत चुका वाढलेल्या दिसल्या, परंतु दर डॉक्टरमागे किती रुग्ण होते हे हिशेबात धरताच तो फरक उरला नाही. याउलट पाळी बदलताना रुग्णांची माहिती ठरावीक क्रमाने देण्याची ‘आय-पास’ पद्धत नऊ रुग्णालयांत शिकविली तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्या, आणि तास तेवढेच राहिले.

आकडा कोठून येतो

निवड करणाऱ्याच्या दृष्टीने पुढचा प्रश्न असा की, संस्थेने सांगितलेल्या आकड्यावर विसंबावे किती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘फ्रायडा’ या सूचीत अनेक केंद्रांचे आठवड्याचे सरासरी तास दिलेले असतात, परंतु ते केंद्रानेच कळविलेले असतात. शिवाय ८० तास ही चार आठवड्यांची सरासरी आहे, त्यामुळे एखादा आठवडा ९५ तासांचा गेला तरी नियमभंग होत नाही. घरून घेतलेल्या कॉलमध्ये रुग्णालयात यावे लागले तर तो वेळ मोजला जातो, फोन हाताशी ठेवून जागण्याचा मोजला जात नाही.

याहून गंभीर अडचण नोंदीच्या सत्यतेची आहे. २००३ चे नियम लागू झाल्यानंतरच्या वर्षातील इंटर्नांची गुप्त पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ८३.६ टक्के इंटर्नांचे तास किमान एका महिन्यात नियमाबाहेर गेलेले आढळले. उघड नोंदींत हे का दिसत नाही, याचे कारण व्यवस्थेच्या रचनेतच आहे. २००३ मध्ये खुद्द जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकविभागाची मान्यता तासांच्या उल्लंघनापायी काही काळ काढून घेण्यात आली होती. मान्यता गेली तर तेथे शिकणाऱ्याचीच पदवी धोक्यात येते, आणि जो विद्यार्थी खरी नोंद करील तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल. परदेशातून जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरला, ज्याचे त्या देशातील वास्तव्यच केंद्रातील जागेवर अवलंबून आहे, तक्रार करणे त्याहून अवघड.

महाराष्ट्रात तर नोंदच होत नाही. हजेरी लागते, तास लागत नाहीत. त्यामुळे उमेदवाराकडे एकच साधन उरते, ते म्हणजे आधीच्या तुकडीतील माणसाची साक्ष. आणि साक्ष कोणाची घेतली यावर तिचे मोल अवलंबून असते. रुजू होऊन महिना झालेला जे.आर.-१ आपल्या यातनेच्या भरात बोलतो, परीक्षेकडे डोळे लागलेल्या जे.आर.-३ ला पहिले वर्ष आठवणीत गोड झालेले असते. पहिले वर्ष नुकतेच संपवून दुसऱ्यात आलेला डॉक्टर त्यातल्या त्यात विश्वासार्ह, कारण त्याला त्रासही आठवतो आणि त्यातून आपण काय शिकलो हेही दिसू लागलेले असते. जागा सोडून गेलेल्याची साक्ष मिळाली तर ती अवश्य घ्यावी.

तासांच्या पोटात काय असते

सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातील मेडिसिनच्या एका युनिटचा इमर्जन्सीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. जे.आर.-१ सकाळी सहाला वॉर्डात येऊन रक्ताचे नमुने घेतो, राऊंडच्या आधी कागद तयार करतो, दिवसभर आणि रात्रभर दाखल होणारे रुग्ण घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी राऊंडमध्ये प्रत्येकाची हकिगत सांगून, ऑर्डर पुऱ्या करून संध्याकाळी खोलीवर जातो. हे छत्तीस तास झाले. त्यांतील काही तास असे असतात की ज्यांत तो धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीवर कान ठेवून, लेक्चररशी फोनवर बोलून, औषधाची मात्रा बदलून पहाटेपर्यंत त्याचा श्वास सुधारताना पाहतो. असा एक तास पुस्तकाच्या पन्नास पानांना भारी असतो. परंतु त्याच रात्री तो रक्तवायूच्या चाचणीची सिरिंज बर्फात ठेवून स्वतः प्रयोगशाळेकडे धावतो, मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसले तर सी.टी. स्कॅनसाठी ट्रॉली ढकलतो, रक्तपेढीच्या खिडकीपाशी पिशवीची वाट पाहत उभा राहतो, आणि सकाळी डिस्चार्ज कार्डांचा ढीग लिहून काढतो. या तासांतून विद्या मिळत नाही. मिळतो तो फक्त शीण. अमेरिकेत संगणकाने तेच केले आहे: बाल्टिमोरच्या दोन रुग्णालयांतील इंटर्नांच्या २०१३ च्या पाहणीत त्यांचा केवळ १२ टक्के वेळ रुग्णाजवळ आणि सुमारे ४० टक्के संगणकापुढे जात असल्याचे दिसले.

म्हणून शंभर तासांची एक जागा आणि नव्वद तासांची दुसरी यांची तुलना नुसत्या वजाबाकीने होत नाही. तरीही वजाबाकी निरर्थक आहे असेही नव्हे. आठवडा १६८ तासांचा. रोज सात तासांची झोप धरली तर ४९ तास त्यात गेले. ८० तासांच्या कामानंतर जेवण, आंघोळ, अभ्यास, प्रबंध आणि माणसे यांसाठी ३९ तास उरतात, १०० तासांनंतर १९ उरतात. या एकोणीस तासांतून पहिली कात्री लागते ती झोपेलाच. एका मर्यादेपलीकडे तासांचा दर्जा कितीही चांगला असो, त्यांची संख्याच सर्व गुण गिळून टाकते, हे तिसऱ्या भूमिकेच्या पुरस्कर्त्यांनीही विसरू नये.

अनुभवी मंडळी उमेदवाराला जे प्रश्न विचारावयास सांगतात ते याच विचारातून आलेले आहेत. पोस्ट-इमर्जन्सीला खोलीवर जायला प्रत्यक्ष किती वाजतात? रात्री नमुने कोण नेतो? साप्ताहिक सुट्टी पाळीने खरोखर मिळते की कागदावरच? लेक्चरर रात्री बोलावल्यास येतात का, आणि बोलावल्याबद्दल बोल ऐकावा लागतो का? शल्यविभागात पहिल्या वर्षी हाती सुरी केव्हा येते? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न, युनिटमध्ये जे.आर.-१ च्या जागा किती आणि त्यांपैकी भरलेल्या किती; कारण चारांचे काम तिघांवर पडले की वेळापत्रकाचा कागद तोच राहूनही तास बदलतात. एखाद्या युनिटला ‘टॉक्सिक’ म्हणून जो दुर्लौकिक येतो, तो पुष्कळदा तासांमुळे नसून वरिष्ठांच्या जिभेमुळे असतो, आणि या दोहोंची गल्लत करणारा उमेदवार कधीकधी उत्तम शिक्षणाची जागा सोडून देतो. उलट, उदार आणि प्रेमळ युनिटमध्येही माणूस थकतो, हेही खरे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सीनियरला आधी सांगता येत नाही. २०२१ ची नीट-पीजी समुपदेशन-प्रक्रिया न्यायालयीन वादामुळे रखडून जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा नवी तुकडी न आल्याने असलेल्या निवासी डॉक्टरांवर दुहेरी भार पडला आणि देशभर निदर्शने झाली. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ही त्यात उतरली. त्या वर्षी रुजू असलेल्यांचे तास त्यांच्या संस्थेने ठरविले नव्हते, प्रवेशाच्या दिरंगाईने ठरविले होते.

अनिर्णित बाबी

काही प्रश्न अद्याप खुले आहेत. तास घटविल्यास प्रशिक्षणाची वर्षे वाढवावीत काय, याबद्दल युरोपातील शल्यविशारदांत एकमत नाही. वर्षे वाढवावयाची तर घराची आर्थिक जबाबदारी असलेल्या, विशीच्या अखेरीस पोहोचलेल्या भारतीय डॉक्टरला ते परवडणार काय, हा वेगळाच पेच आहे. सर्व विषयांना एकच मर्यादा लावावी की त्वचारोग आणि प्रसूतिशास्त्र यांना वेगळी, याचाही खल झालेला नाही. मोठ्या चाचण्या झाल्या त्या अमेरिकेत, जेथे ८० तास ही वरची सीमा होती. शंभर तासांवरून खाली येणाऱ्या भारतीय वॉर्डाला त्यांचे निष्कर्ष किती लागू पडतात, हे येथेच मोजल्याशिवाय कळणार नाही.

आणि मग मनुष्यबळाचा हिशेब राहतो. ज्या विभागात १२ निवासी डॉक्टर आठवड्याला १०० तास काम करतात, तेथे कृतिदलाची ७४ तासांची शिफारस अमलात आणून रुग्णसेवा तेवढीच ठेवावयाची, तर सोळांहून अधिक माणसे लागतात. पदव्युत्तर जागा अध्यापकांच्या आणि खाटांच्या संख्येशी बांधलेल्या असल्याने त्या मनास येईल तेव्हा वाढविता येत नाहीत. ही वरची माणसे वैद्यकीय अधिकारी असावीत, की नमुने, ट्रॉली आणि कागद यांचे काम उचलणारे प्रशिक्षित साहाय्यक नेमून बारांच्याच तासांतून तो बोजा काढावा, आणि त्यांचा खर्च राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने सोसावा की महापालिकांनी, यावर आरोग्यप्रशासनातील जाणकारांत आज दोन्ही मते आहेत.